कल्याणला आलेली फ्रेंच मोटार

वाचकहो, मोटार घेताना आपण तिचा रंग पाहतो, बैठक ऐसपैस आहे की नाही ते पाहतो आणि एका लिटरमध्ये ती किती धावेल हेही विचारतो. परंतु ती बिघडल्यास सुटा भाग आपल्या गावी मिळेल काय, हा प्रश्न पुष्कळदा राहून जातो. त्याचे मोल प्यूजो ३०९ या फ्रेंच कौटुंबिक मोटारीच्या कहाणीवरून आपल्या ध्यानी येईल.

हिची जन्मकथा मोठी गमतीची आहे. १९७८ मध्ये प्यूजोने अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीचा युरोपातील व्यवसाय विकत घेतला आणि तेथील मोटारींना टॅल्बो हे जुने नाव दिले. ही नवी गाडीही त्याच नावाने निघावयाची होती. पुढे ते नाव मागे पडले आणि १९८५ मध्ये ती प्यूजोची म्हणून बाजारात आली. खर्च वाचावा म्हणून धाकट्या २०५ गाडीचे दरवाजेच हिला बसविले होते. क्रमांकही ओळ सोडून लाभला. ३०६ ही गाडी तिच्यानंतर, १९९३ मध्ये निघाली.

आपल्या परिचयाच्या प्रीमियर पद्मिनीत इंजिनाची शक्ती लांब दांड्याने मागील चाकांकडे जात असे. ३०९ मध्ये इंजिन आडवे बसविलेले असून ते पुढील चाकेच फिरवते. लांब दांडा नसल्याने आत माणसांना अधिक जागा मिळते. मागील चाकांना उभ्या स्प्रिंगांऐवजी गाडीखाली आडव्या पोलादी दांड्या आहेत. चाक खड्ड्यातून वर उचलले गेले की दांडी पिळली जाते आणि धक्का सोसते. त्यामुळे डिकीचा तळ सखल व रुंद राहतो. प्रवासाला निघालेल्या कुटुंबाचे सामान त्यात सहज मावते.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने प्यूजोशी भागीदारी केली आणि १९९४ पासून ही मोटार कल्याणच्या कारखान्यात तयार होऊ लागली. पेट्रोलचे इंजिन १३६० घनसेंटिमीटरचे, तर डिझेलचे १५२७ घनसेंटिमीटरचे होते. डिझेलची काटकसर अनेकांच्या मनात भरली. परंतु १९९६ मध्ये कारखान्यात संप झाला. त्याच सुमारास प्रीमियरने फियाटशीही नवी भागीदारी केली होती. १९९७ मध्ये प्यूजोने अंग काढून घेतले आणि हा उद्योग लयास गेला.

गाडी वाईट नव्हती. तिचेच डिझेल इंजिन पुढे मारुतीच्या झेन व एस्टीम या मोटारींत बसविले गेले. परंतु ज्यांनी ३०९ घेतली होती, त्यांच्यामागे उभा राहणारा कारखानाच उरला नव्हता. कामगारांची रोजी आणि गिऱ्हाइकांची पुंजी, दोहोंनाही झळ लागली.

२०२१ मध्ये या उद्योगसमूहाची सिट्रोएन ही मोटार भारतात आली. तिचा कारखाना तमिळनाडूत तिरुवळ्ळूर येथे आहे. कोणतीही नवी मोटार दारी आणण्यापूर्वी, वाचकहो, तिच्या इंजिनाबरोबरच दुरुस्तीची सोय, सुट्या भागांचा पुरवठा आणि जवळचा जाणता मिस्त्री यांचीही चौकशी करा. घरच्या मोटारीचे आयुष्य निम्मे त्यांच्याच हाती असते.