आकडा फेऱ्यांचा, परीक्षा कॉलेटची

मायक्रोमोटर घ्यायला दुकानात गेलं की पहिला आकडा कानावर पडतो तो फेऱ्यांचा. मिनिटाला ३५,००० फेरे, ५०,००० फेरे. आकडा चढतो तशी किंमतही चढते. झवेरी बाजारात खडे बसवणारा असो की हुपरीत चांदी घडवणारा, हँडपीस म्हणजे पोटात मोटर असलेला तो दांडा त्याच्या बोटांत तासन्‌तास असतो. दागिन्यांच्या कामासाठी फेऱ्यांचा आकडा सगळ्यात शेवटी पाहावा, असं माझं ठाम मत आहे. आधी पाहायचं ते मंद फेऱ्यांतलं बळ, आणि त्याहून आधी, बर, म्हणजे हँडपीसमध्ये लावायची दातेरी कापणारी सळी, किती सरळ फिरतो ते.

धातू कसा कापला जाणार हे बरच्या कडेच्या वेगावर ठरतं. परीघ गुणिले फेरे, एवढंच गणित. अर्ध्या मिलिमीटरचा बर ३५,००० फेऱ्यांनी फिरला तरी त्याची कड सेकंदाला जेमतेम ०.९ मीटर सरकते, म्हणजे माणूस रमतगमत चालतो तेवढी. त्याच मोटरला २२ मिलिमीटरचं पॉलिशचं चाक लावून तेवढेच फेरे दिले, तर कड सेकंदाला ४० मीटर पळते. ताशी जवळजवळ १४५ किलोमीटर. चाकाची सळी अशा वेळी काटकोनात वाकू शकते आणि कारागिराचा डोळा तिथून वीतभर अंतरावर असतो. ५,००० फेऱ्यांतही त्या चाकाची कड सेकंदाला सुमारे ६ मीटर धावते आणि छोट्या कामाला तेवढं पुरतं. बारीक नक्षीला फेरे जास्त, मोठ्या चाकाला कमी. चाकासाठी ठरवून दिलेली कमाल मर्यादा मोटरच्या आकड्यापेक्षा महत्त्वाची.

खड्याचं कोंदण कोरताना किंवा मेणाचा नमुना घडवताना मंद फेरेच लागतात. मेण तर घर्षणाच्या उष्णतेनं वितळून दात्यांत भरतं. इथे टॉर्कची, म्हणजे पिळाच्या बळाची, कसोटी लागते. मोटर फिरू लागली की तिच्या गुंडाळीत उलट दिशेचं व्होल्टेज तयार होतं आणि तेच प्रवाहाला आवर घालतं. बर धातूत रुतून फेरे मंदावले की हा आवर सुटतो आणि प्रवाह वाढतो. प्रवाह दुप्पट झाला की गुंडाळीतली उष्णता चौपट होते. मंद फेऱ्यांत दाबून काम केलं की हँडपीस तापतो तो यामुळे. चांगला कंट्रोल बॉक्स भार ओळखून फेरे टिकवून धरतो. साध्या मोटरमधले कार्बन ब्रश झिजतात, त्यांची भुकटी आतच पडते, पण ते स्वस्तात बदलता येतात. ब्रशलेस मोटरला ही कटकट नाही, किंमत मात्र जास्त. डब्यावर टॉर्क न्यूटन-सेंटिमीटरमध्ये छापलेला असेल, तर तो किती फेऱ्यांना मोजला आहे हे जरूर विचारावं.

आता मुख्य गोष्ट. बरची दांडी जो पकडतो तो कॉलेट अगदी मध्यावर नसेल, तर बर स्वतःभोवती फिरता फिरता थोडा घिरट्या घालतो. डायल गेजची सुई लावली की हा झोल मोजता येतो. १.३ मिलिमीटरच्या हिऱ्यासाठी तेवढाच बर घेतला आणि झोल ०.१ मिलिमीटर निघाला, तर घर कोरलं जातं १.४ मिलिमीटरचं. हिरा त्यात खुळखुळतो. कारागीर आपल्या हाताला दोष देतो, आणि हात बिचारा स्थिर असतो! झोलामुळे सगळा भारही एकाच बाजूच्या दात्यांवर येतो, ते लवकर बोथट होतात. शिवाय फेरे दुप्पट झाले की असमतोलाचा धक्का चौपट होतो. दोन ग्रॅमचं चाक मध्यापासून ०.१ मिलिमीटर सरकलेलं असेल, तर ३०,००० फेऱ्यांना बोटांवर सुमारे २०० ग्रॅम वजनाइतका धक्का बसतो, तोही सेकंदाला ५०० वेळा. अशी थरथर वर्षानुवर्षं सोसणाऱ्याची बोटं बधिर होतात, थंडीत पांढरी पडतात.

म्हणून दुकानातच कॉलेटमध्ये नवी, सरळ, गुळगुळीत सळी लावावी आणि फेरे हळूहळू वाढवावेत. सळीची कड धूसर दिसली, किंवा एखाद्या वेगाला हँडपीस गुणगुणू लागला, तर तो परत ठेवावा. कॉलेट २.३५ मिलिमीटरचा आहे ना, तेही पाहावं. दंतवैद्यांच्या सरळ हँडपीसचं हे माप सोनारकामातही रूढ आहे. घरगुती ग्राइंडरच्या ३ मिलिमीटरच्या सळ्या त्यात बसत नाहीत.

जुनी हँगिंग मोटर मोडीत काढायची घाई करू नये. तिचे फेरे थोडे, साधारण १८,००० पर्यंत, पण बळ भरपूर; घासकाम आणि पॉलिश तिच्यावरच करावं. तिची जाड लवचीक तार मनगट ओढते, म्हणून नाजूक काम मायक्रोमोटरवर. दुसऱ्या टोकाला हवेच्या दाबावरची टर्बाइन. जॉन बोर्डन यांचं एअरोटर १९५७ साली दंतवैद्यांकडे आलं ते ३,००,००० फेऱ्यांच्या घरातलं. त्याच जातीची यंत्रं आज काचेवर, दगडावर कोरायला वापरतात. हलक्या हाताला ती सुरेख चालतात, पण जरा दाबलं की थांबतात.

धातूवर नक्षी कोरायची तर आणखी एक मर्यादा आहे. फिरणारा बर धातूचे बारीक कण उडवतो आणि मागे दात्यांच्या खुणा ठेवतो. धारदार कोरणी एकसंध पापुद्रा काढते, म्हणून तिच्या खाचेत प्रकाश लखकन परततो. ती झळाळी कितीही महागड्या मोटरनं येत नाही. खोल भाग मोटरनं उपसावा, शेवटचा हात कोरणीनं फिरवावा.

हँडपीस घरी आणल्यावर तो रिकाम्या कॉलेटनं ठेवू नये, एखादी सळी आत असू द्यावी. कॉलेट उघडा असताना पॅडलवर पाय पडू देऊ नये. आणि टेबलाला आधी चांगला स्टँड ठोकून घ्यावा, कारण बारीक बेअरिंगला जमिनीवर पडलेलं एकदाही सोसत नाही.