आजार दिसण्याआधीच

मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन माहेरच्या गायतोंडे. चामड्याचा व्यापार करणाऱ्या, मद्रासेत स्थिरावलेल्या मराठी घरातल्या. १९८५ साली त्यांनी सेल्लप्पन निर्मला या विद्यार्थिनीला प्रबंधासाठी विषय सुचवला : आपल्या शहरात एड्स आहे का? निर्मला आधी कचरली. हा परदेशातला आजार, फार तर मुंबईत सापडेल, असंच तेव्हा बहुतेकांना वाटे.

या आजाराची कथा त्याआधी चारच वर्षांपूर्वी सुरू झाली होती. १९८१च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांना दुर्मीळ न्यूमोनिया झाल्याची नोंद प्रसिद्ध झाली. प्रतिकारशक्ती ढासळलेली, कारण अज्ञात. अशा एकत्र आढळणाऱ्या लक्षणांच्या गटाला वैद्यकात सिंड्रोम म्हणतात, म्हणून १९८२मध्ये ‘एड्स’ हे नाव पडलं तेही सिंड्रोमचंच; त्यातला शेवटचा ‘स’ म्हणजे सिंड्रोम. १९८३मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्याला कारण असलेला, पुढे एचआयव्ही म्हटला गेलेला विषाणू सापडला, १९८५मध्ये रक्तचाचणी आली. नाव तेच राहिलं, पण आता तो कारण ठाऊक असलेला रोग होता. हा फरक किरकोळ नाही. लक्षणं शोधायला गेलं तर माणूस खंगल्यावरच सापडतो. विषाणू मात्र धडधाकट माणसातही, कित्येक वर्षं आधी सापडतो. सुनीतीबाईंनी विषाणूचा माग धरला, आणि या शोधाचं मोठेपण मला त्यातच दिसतं.

वेश्याव्यवसायाच्या आरोपावरून पकडलेल्या स्त्रियांना जिथे ठेवत, त्या सुधारगृहात निर्मला गेली. रक्त घेतलं, सीरम वेगळं केलं आणि घरच्या फ्रिजमध्ये ठेवलं. दुसरी सोयच नव्हती. मद्रासमध्ये चाचणीही होत नव्हती. १९८६च्या फेब्रुवारीत बर्फाचा डबा घेऊन ती रात्रीच्या गाडीने काटपाडीला उतरली आणि रिक्षाने वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात पोचली. चाचणी सुरू असताना वीज गेली. सगळे चहाला गेले. परतून पाहतात तर सहा नमुने पिवळे, म्हणजे लागण झालेले!

कुणाचा विश्वास बसेना. त्या सहा जणींचं रक्त पुन्हा घेतलं, अमेरिकेत तपासून आणलं. निकाल बदलला नाही. भारतात एचआयव्ही पोचल्याचा हा पहिला पुरावा होता, आणि तो सुधारगृहातल्या स्त्रियांच्या रक्तात मिळाला होता.

सुनीतीबाईंनी १९९३मध्ये वडिलांच्या नावाने उपचारकेंद्र काढलं आणि २०१५मध्ये निधन होईपर्यंत याच कामात राहिल्या. आज लागण झाल्यावर वेळेवर औषधं सुरू करून ती नियमित घेणाऱ्या बहुतेकांवर एड्सची पाळीच येत नाही. तुमच्या जिल्हा रुग्णालयात एचआयव्हीची चाचणी मोफत होते. जरा शंका असेल तर लक्षणांची वाट पाहू नका; जा आणि करून घ्या.