गलबत बंदर कधी सोडते?

बेळगावला लागून असलेली शहापूरची पेठ पूर्वी सांगली संस्थानात होती. रेल्वे येण्यापूर्वी या भागाचा समुद्राशी व्यापार मुख्यतः वेंगुर्ले बंदरातून चाले. माल बैलांवर लादून घाटाने खाली उतरे. तिथून पुढची शिडाच्या गलबताची वाट मात्र माणसे आणि वारा यांवर अवलंबून असे.

माणसे : गलबताचा प्रमुख तांडेल. त्याच्या हाताखाली शिडे, दोर आणि सुकाणू सांभाळणारे खलाशी असत. ते बहुधा किनाऱ्यावरील गाबीत, खारवी, भंडारी अशा दर्यावर्दी कुटुंबांतून येत.

मोसम : जून ते ऑगस्ट समुद्र खवळलेला असल्याने गलबते किनाऱ्यावर ओढून शाकारली जात. नारळी पौर्णिमेला सागराची पूजा झाली की नव्या हंगामाची तयारी सुरू होई. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अरबी समुद्रात चक्रीवादळांचा धोका असतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ त्यामानाने शांत.

वेळ : रात्री आणि पहाटे जमिनीकडून मतलई वारे, तर दुपारी समुद्राकडून खारे वारे वाहतात. म्हणून शिडाच्या गलबताला पहाटे बंदर सोडणे आणि दुपारनंतर बंदरात शिरणे सोयीचे पडे.

इशारा : आजही बंदरावर ३ क्रमांकाचा बावटा लागला की वादळी हवामानाचा धोका समजावा आणि नौका बंदरातच ठेवावी.