दहा हजार पुस्तकांत पाच पानं

एचआयव्हीचा एक विषाणू फुगून मोहरीच्या दाण्याएवढा झाला असं समजा, आणि त्याच मापानं माणसाचा मेंदूही वाढवा. मेंदू अडीच किलोमीटरहून लांब होईल. त्यातली एकेक केशवाहिनी अर्धी वीत रुंद नळी होईल. या केशवाहिन्या खऱ्या मापात एकामागे एक जोडल्या तर सुमारे ६०० किलोमीटर भरतात, म्हणजे मुंबई ते पणजी. मोहरीच्या मापात मात्र ती नळी तेरा वेळा चंद्रावर जाऊन परत येईल.

आणि या नळीच्या भिंतीत फट नाही. तिच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की बहुतेक औषधंही पलीकडे जात नाहीत. विषाणू मात्र ज्यांना आत जायची मुभा आहे, अशा पांढऱ्या पेशींच्या पोटात बसून जातो. थायलंडमधल्या अभ्यासात लागण झाल्यावर अवघ्या आठव्या दिवशी तो मेंदूभोवतीच्या द्रवात सापडला.

आत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. त्यांना तो शिवत नाही, कारण त्याला लागणारं सीडी-४ हे कुलूप त्यांच्या दारावर नसतं. ते असतं मायक्रोग्लियावर, मेंदूच्या राखणदार पेशींवर. तिथे तो आपला ९,७०० अक्षरांचा मजकूर पेशीच्या ६०० कोटी अक्षरांत कायमचा शिवून टाकतो. तीनशे पानांची दहा हजार पुस्तकं असलेल्या ग्रंथालयात कुणी पाच पानं घुसवावीत, तसं.

रक्तातली लागण झालेली पेशी साधारण दोन दिवसांत मरते. उपचाराविना रोज सुमारे १,००० कोटी नवे विषाणू जन्मतात, असा हिशेब १९९६ साली मांडला गेला. पण मला धास्ती या आकड्याची नाही, मायक्रोग्लियाच्या वयाची वाटते. अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या किरणोत्सारी कार्बनच्या खुणांवरून २०१७ साली ते वय काढलं गेलं: सरासरी चार वर्षं, आणि काही पेशी वीस वर्षांच्याही पुढच्या. औषध विषाणूला नव्या पेशीत पानं शिवू देत नाही. शिवलेली पानं मात्र ते उसवू शकत नाही.

लागण झालेल्या राखणदारातून झिरपणारी प्रथिनं शेजारच्या चेतापेशींना जाळत राहतात. माणूस शब्द विसरतो, हात मंदावतात. घरच्यांना तो हलगर्जीपणा वाटतो आणि रोग्याला बोलणी बसतात, याचं फार वाईट वाटतं. कारण गोळी रोज, न चुकता घ्यायची असते, आणि ती ज्या स्मरणशक्तीच्या भरवशावर घ्यायची, घाव नेमका तिच्यावरच असतो.

भारतात सरकारी दवाखान्यांतून ही औषधं १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळू लागली. त्या पहिल्या रांगेत उभ्या असलेल्या एखाद्याच्या मेंदूत तेव्हाची एखादी पेशी आजही जिवंत असू शकेल, ती पाच पानं तशीच मिटून.