एररच आला नाही तर? मॅट्रिक्सचं माप असं तपासा
सरकत्या गाडीवर दांडा उभा तोलायचा, हा कंट्रोल सिस्टिमचा नेहमीचा प्रयोग. त्याच्या स्टेट-स्पेस मॉडेलमध्ये गाडीची जागा, तिचा वेग, दांड्याचा कोन आणि कोन बदलण्याचा वेग अशा 4 अवस्था. गाडीवरचा जोर हे 1 इनपुट. जागा आणि कोन ही 2 आउटपुट. म्हणजे ए 4×4, बी 4×1, सी 2×4, डी 2×1. बी आडवा लिहिला तर सॉफ्टवेअर लगेच अडवतं. ती चूक परवडली! पायथनच्या नमपायमध्ये ए आणि अवस्थांच्या साध्या अ‍ॅरेमध्ये '@' ऐवजी '*' पडला, तर एररच येत नाही. 4 आकड्यांऐवजी 4×4 चा तक्ता मिळतो. म्हणून गुणाकारानंतर 'शेप' छापून पाहा. अर्थात फीडबॅकमध्ये अवस्थांचा क्रम चुकला, तर मापं जुळूनही दांडा कोसळू शकतो.