पालवणचे पालवणकर

रत्नागिरीकडच्या पालवण गावाचे नाव क्रिकेटच्या इतिहासात गेले ते एका आडनावातून. पालवणकरांच्या घरातले बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे चौघे भाऊ हिंदूंच्या संघातून खेळले, आणि वीस-पंचवीस वर्षे त्या संघाचे दैव या एका घराशी बांधलेले राहिले.

बाळूंचा जन्म १८७६चा, धारवाडचा. वडील लष्करात नोकरीला. पुढे पुण्यात, युरोपियनांच्या क्लबात बाळू खेळपट्टीवर रूळ फिरवीत, सरावाच्या जाळ्या बांधीत. पगार महिना चार रुपये! कॅप्टन ग्रेग हा तिथला नामांकित फलंदाज. तो इतरांच्या आधी मैदानावर हजर होई आणि बाळूंना तास तासभर गोलंदाजी करायला लावी. डावखुरी मंद फिरकी तयार झाली ती अशी. बॅट मात्र त्यांच्या हाती कोणी दिली नाही. ती साहेबांची मिरास!

पुण्याच्या हिंदू संघाला असा गोलंदाज हवाच होता. पण चर्मकाराच्या मुलाला घ्यायचे कसे? बराच खल झाला आणि अखेर घेतले. मैदानावर चेंडू सर्वांचा एकच. चहाच्या वेळी मात्र बाळूंचा चहा मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यात. त्यांनी घेतलेले बळी चालत, त्यांनी हात लावलेली कपबशी चालत नसे.

मुंबईत वारे थोडे निराळे होते. १८९४ साली स्थापन झालेल्या हिंदू जिमखान्याने बाळूंना संघात घेतले आणि पुढे पंक्तीलाही बसवले. फेब्रुवारी १९०६मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्यात बाळूंचा वाटा मोठा. १९११ साली पतियाळाच्या महाराजांचा हिंदी संघ विलायतेला गेला, तेव्हा त्या दौऱ्यात बाळूंनी शंभराहून अधिक गडी बाद केले. शिवरामही त्या संघात होते.

एवढे होऊनही कर्णधारपद काही मिळेना. त्याचे कारण वाचकांना सांगायला नकोच. १९२० साली हा प्रश्न इतका चिघळला की शिवराम आणि विठ्ठल यांनी संघातून अंग काढून घेतले. त्यानंतर तडजोड होऊन बाळू उपकर्णधार झाले. पूर्ण कर्णधारपद घरात आले ते १९२३ साली, धाकट्या विठ्ठलरावांकडे. त्या वर्षी चौरंगी स्पर्धा हिंदूंनी जिंकली आणि त्यांना लोकांनी खांद्यावर घेतले.

बाळूंचे नाव पुन्हा गाजले ते १९३७च्या निवडणुकीत. काँग्रेसने त्यांना उभे केले ते खुद्द डॉ. आंबेडकरांविरुद्ध! बाबासाहेब निवडून आले, पण फरक जेमतेम दोन हजार मतांचा होता. ज्या स्पर्धेने या घराला नाव दिले, ती स्पर्धा १९४६ साली बंद पडली. दोन वर्षांनी विठ्ठलरावांनी 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत प्रसिद्ध केले. बाळू १९५५च्या जुलैत मुंबईत वारले.