बार्थोलिन ग्रंथीची गाठ

आपल्या घरांत सासूबाईंच्या गुडघेदुखीची चर्चा पानावर बसल्या बसल्या होते; सुनेच्या जननांगावरील गाठीचा मात्र उच्चारही होत नाही. योनिमुखाच्या दोन्ही बाजूंस वाटाण्याएवढ्या दोन ग्रंथी असतात. डेन्मार्कचे शरीररचनाशास्त्रज्ञ कास्पर बार्थोलिन यांनी १६७७ साली त्यांचे वर्णन केले, म्हणून हे नाव. ग्रंथीची नलिका बुजली की स्राव आत साठून गाठ होते. ती बहुधा निरुपद्रवी असते. तीवरून स्त्रीच्या चारित्र्याविषयी तर्क करणे हा निव्वळ अडाणीपणा होय.

निदानास स्त्रीरोगतज्ज्ञांची साधी तपासणी बहुतेक वेळा पुरते. लहान, न दुखणाऱ्या गाठीस उपचार लागत नाहीत. पू झाला, ताप आला, बसणे अवघड झाले, तर मात्र विलंब नको. नुसता छेद देऊन पू काढल्यास तोंड मिटते व गाठ पुन्हा भरते. म्हणून शल्यचिकित्सक गाठीच्या कडा बाहेरच्या त्वचेशी शिवून स्रावाला कायमची वाट ठेवतात, किंवा टोकाला फुगा असलेली बारीक नळी सुमारे ४ आठवडे आत ठेवतात. संपूर्ण ग्रंथी काढण्यात रक्तस्राव अधिक, त्यामुळे तो शेवटचा उपाय. चाळिशीनंतर प्रथमच गाठ आल्यास तुकडा तपासून कर्करोग नसल्याची खात्री करतात. ही तपासणी संकोचापायी टाळू नये.